सात नंबरची खोकी

चार वाजले तरी सुनीताची खोकी सव्वीसच झाली होती. पाचपर्यंत चाळीस हवी होती. आई गेल्यावर कारखान्यात तिच्या जागी सुनीताला दोन महिन्यांसाठी घेतलं होतं, आणि मुदत आज संपत होती. "चाळीस झाली तरच कायम," असं कमलाकर सरांनी सकाळीच सांगितलं होतं.

तिची बोटं चूर्णाच्या बाटल्यांवर चाचपडत होती. झाकण लावायचं, लेबल लावायचं, मग झाकण लागलंय ना म्हणून पुन्हा फिरवून बघायचं.

"किती येला बघशील गो? बाटली हाय, पोर नाय ती," शेजारून गंगाबाई म्हणाली. पलीकडे शोभा हसली.

कालपर्यंत सातही जणींची खोकी एकाच ढिगात जात. सर मुंबईला शिबिर करून आले आणि आजपासून जिनं तिनं आपल्या खोक्यावर आपल्या नंबरची चिठ्ठी चिकटवायची असं ठरलं. सुनीताचा नंबर सात. भिंतीवर फळाही आला. आपलं काम आपल्याला दिसलं की हुरूप येतो, असं सरांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता.

पाच वाजता सरांनी खोकी मोजली. आपली तेहतीस झालीत, हे सुनीताला ठाऊक होतं. ती चपलेचा अंगठा फरशीवर घासत उभी राहिली.

सरांनी फळ्यावर लिहिलं: सात नंबर, एकसष्ट. त्याखाली गंगाबाई, बेचाळीस.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि माना खाली घातल्या. सुनीता ढिगाकडे बघत राहिली. चिठ्ठ्यांवरचे पेन्सिलीतले सातचे आकडे निरनिराळ्या हातांचे होते. एक बारीक, एक ठसठशीत. गंगाबाईचा तर चक्क उलटा.

"पुढं ये, सुनीता. कसं केलंस ते यांनाही कळू दे." सरांनी वही उघडली.

"सर, ही माझी एकटीची नाहीत."

"लाजायचं काय त्यात?"

"सांग ना गो," गंगाबाई म्हणाली. "आमालाबी शिकू दे."

सुनीतानं जवळच्या खोक्यावरची सुटत आलेली चिठ्ठी दाबून बसवली. सरांनी वही मिटली.

"उद्यापासून तुझं टेबल इथं, माझ्यासमोर. हात कसा चालतो ते बाकीच्या बघतील. आत्ताच आण."

टेबलाच्या कडेचा रंग आईच्या कोपरानं उडाला होता. सुनीतानं तिथंच धरलं आणि ओढत निघाली. मदतीला कुणी आलं नाही. उद्या सकाळी नऊ वाजता सरांना सगळं दिसणार होतं.

मागं फरशीवर काहीतरी करकरलं. गंगाबाई आपलं टेबल ओढत येत होती. तिच्यामागून शोभा, आणि मग बाकीच्याही.

"अहो, तुम्ही कुठं निघालात?" सरांनी विचारलं.

"लांबून दिसत नाय, सायेब," गंगाबाई म्हणाली आणि तिनं आपलं टेबल सुनीताच्या टेबलाला भिडवलं.