रुजताना

टेस्ट ट्यूबमधला गर्भ पोटात सोडला की बायका धास्तावलेल्याच असतात. त्यांचे फोन घेणं हे दवाखान्यातल्या सिस्टरचं काम. डाग दिसला म्हणून रडणाऱ्या प्रत्येकीला ती तेच सांगायची, "घाबरू नका. गर्भ रुजायला लागला की प्रतिकारशक्तीच्या पेशी इशारा देतात, मग गर्भाशयाच्या अस्तरातल्या काही पेशी आपणहून मरतात आणि त्याला जागा करून देतात. थोडं रक्त दिसतं कधीकधी." खरं की नुसता धीर, याचा तिने कधी विचार केला नव्हता.

गेल्या आठवड्यात तिच्याही पोटात गर्भ सोडला होता. आज दवाखान्याच्या बाथरूममध्ये तिला डाग दिसला. हाही गेला, एवढंच डोक्यात. डॉक्टरांशी बोलायला तिने मोबाईलवरून दवाखान्याचा नंबर लावला, आणि दाराबाहेर तिच्याच टेबलावरचा फोन खणखणू लागला. तो उचलणारी तर इथे कडी लावून बसली होती.

बराच वेळ वाजल्यावर कुणीतरी फोन उचलला. "सिस्टर जागेवर नाहीत हो. मी पेशंट आहे, केव्हाचा वाजतोय म्हणून घेतला. काय झालं?"

"डाग..." ती रडतच कुजबुजली.

"अहो ताई, रडू नका. पेशी मरतात त्या बाळाला जागा करून द्यायला. मीही काल अशीच रडत होते, सिस्टरांनी समजावलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आणि त्या काही नुसता धीर द्यायला म्हणून बोलत नाहीत हं."