ही ओवी कोण?

वाटणीत छापखान्याच्या मधोमध भिंत आली. दादा म्हणाला, “निदान कॉम्प्युटर तरी जोडलेले राहू देत.” त्यानेच एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये दोन नेटवर्क-कार्डं बसवून दोन्हीकडची नेटवर्कं जोडली. मला तेव्हा भरून आलं होतं.

आज एक बाई तणतणत आत आल्या. लग्नपत्रिका टेबलावर आपटून म्हणाल्या, “‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी ही ओवी कोण? आमच्यात ओवी नाहीच!”

डिझाइन माझंच होतं, अजून कुणालाही न दाखवलेलं, फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये ठेवलेलं. नमुना म्हणून त्यात लेकीचं नाव टाकलं होतं. छापलं मात्र मी नव्हतं.

त्या जोडणीवरून दादाच्या कॉम्प्युटरमधला फोल्डर उघडायला गेलो. पडद्यावर आलं, ‘परवानगी नाही.’

“तुम्ही दार चुकलात,” मी बाईंना म्हणालो. “ओवीचे काका पलीकडे बसतात.”