वळणाची भिंत

हेल्मेटं सतरा आणि विद्यार्थी एकवीस. चौघांना फाटकाशीच थांबावं लागणार होतं.

"मी थांबते," पट्टी घाईघाईने म्हणाली.

पट्टी हे तिचं आर्किटेक्चरच्या वर्गातलं नाव. पायरी दिसली की उंची मोज, खिडकी दिसली की रुंदी मोज, असा तिचा खाक्या. अशी मुलगी साइटवर आत जायला नको म्हणते, याचं तिच्या मैत्रिणीला नवल वाटलं.

"तू नाही थांबायचं," सर म्हणाले आणि स्वतःच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांनी तिच्या हातात दिलं.

आत, वाचनालयाच्या अर्धवट भिंतीपाशी उभा असलेला गवंडी तिने फाटकातूनच ओळखला होता. ते तिचे बाबा होते.

वर्गात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मैत्रिणीने वडिलांबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "बांधकामात आहेत." त्यात खोटं काहीच नव्हतं. मैत्रिणीने त्याचा अर्थ बिल्डर असा लावला आणि पट्टीने तो खोडला नाही. दीड वर्ष ती बिल्डरची लेक म्हणून सुखाने नांदत होती. शहरात पावलोपावली इमारती उभ्या राहत असताना सरांना नेमकी हीच सापडावी!

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. विटामातीच्या कामावर इस्त्री! पाहुणे येणार म्हणून मुकादमाने घालायला लावला असेल, असं तिला वाटलं. मुलं जवळ आली तशी बाबांनी थापी खाली ठेवली, हात पुसले आणि दोन पावलं पुढे टाकली. पट्टीने वही उघडून मान खाली घातली.

बाबा थांबले.

"हे इथले मिस्त्री," सर म्हणाले. "नकाशात मी नुसती रेघ वळवू शकतो. भिंत वळवणारे हे. मिस्त्री, सांगा यांना."

बाबा आधी चाचरले. मग भिंतीवर हात टेकवला आणि सुरू झाले. वळण घट्ट असेल तर विटेची लांब बाजू बाहेर ठेवायची नाही, आखूड ठेवायची. सांधा आतून बारीक, बाहेरून रुंद. दर थराला ओळंबा, ती वजन बांधलेली दोरी, सोडून बघायची. "वळणाची भिंत मोठी लबाड असते," ते म्हणाले. "समोरून सरळ वाटते आणि बाजूने पोट काढते. शेजाऱ्यासारखी."

सगळे खो खो हसले. मैत्रीण कुजबुजली, "काय भारी माणूस आहे गं!" पट्टी नुसतं "हं" म्हणाली.

"घरी कोण कोण असतं, मिस्त्री?" सरांनी विचारलं.

"बायको. एक मुलगी."

"मुलगी काय करते?"

बाबांनी थापी उचलली, तिच्यावरचा वाळलेला माल नखाने खरवडला. सर थांबून राहिले होते. मुलंही.

"शिकते," बाबा म्हणाले.

"काय शिकते?"

बाबांनी एकवार वर पाहिलं. पट्टी बुटांकडे बघत होती.

"शिवणकाम," ते म्हणाले.

पट्टीचा जीव भांड्यात पडला. बाबांनी सांभाळून घेतलं होतं. सरांनी एकदा बाबांकडे, एकदा पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "चला, जिना बघू."

संध्याकाळी पट्टी आणि बाबा घरी आल्यावर आईने दोघांकडे बघत विचारलं, "काय मग? कसा झाला आजचा दिवस?"

"मुलं चांगली होती," बाबा म्हणाले. त्यांनी शर्ट काढला आणि मोरीत जाऊन स्वतःच धुतला. आई आणखी काही विचारणार होती, पण त्यांचा चेहरा बघून ताटं घ्यायला वळली.

पट्टी त्यांच्या मागेमागे गेली. "बाबा, ते…"

"दमलो गं आज," ते म्हणाले.

रोज जेवण झालं की बाबा तिच्या नकाशांपाशी येऊन बसायचे. ही रेघ कसली, हे दार कुठे उघडतं, असं खोदून खोदून विचारायचे. त्या दिवसापासून ते बसेनासे झाले. काम वाढलं असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

स्टुडिओचा प्रकल्प होता बालवाडीचा. पट्टीने तिला वळणाची भिंत दिली, बाबांनी सांगितली तशीच. विटेची आखूड बाजू बाहेर, सांधा आतून बारीक. परीक्षक त्या नकाशापुढून हलेनात. तिचा पहिला नंबर आला. "हे तुला सुचलं कसं?" एकाने विचारलं. ती म्हणाली, "वाचलं होतं कुठेतरी."

हे मात्र तिला पचलं नाही. भर वर्गात टाळ्या पडत होत्या आणि तिला मान वर करवत नव्हती. टाळ्या थांबताच ती सरांच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि उभ्या उभ्याच बोलून मोकळी झाली.

"सर, ते मिस्त्री माझे बाबा आहेत. मला लाज वाटली. त्यांनी ओळखलं ते आणि मला झाकून घेतलं. आज घरी जाऊन पाय धरणार आहे त्यांचे." तिने डोळे पुसले. "पण माझं नशीबच बघा ना. इतक्या साइट असताना योगायोगाने तुम्ही आम्हाला नेमकं तिथेच नेलंत."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"योगायोग नव्हता," ते म्हणाले. "वळण अर्ध्यावर आलं तेव्हा तुझे बाबा इथे येऊन मला बोलवून गेले होते. म्हणाले, पोरांना घेऊन या, पण तिला आधी सांगू नका. मला तिथे बघून तिचा चेहरा कसा फुलतो, ते मला बघायचंय."