खाऱ्या पाण्याचे चट्टे

डॉक्टर निवेदिताबाईंनी कमळचा डावा डोळा झाकला. "आता उजव्यानं काय दिसतं?"

"मिठागर," कमळ म्हणाली. "भर दुपारचं."

पांढरं, नुसतं पांढरं, आणि त्याला काठ नाही. तीन महिने ती हेच सांगत होती. उरणच्या मिठागरावरच्या बाया म्हणत होत्या, मिठाची चमक लागली गो, उतरंल. मेडिकलवाल्यानं दिलेल्या थेंबांनी डोळ्याची लाली दोनदा उतरली, दोनदा चढली.

डॉक्टरांनी तिचे हात उलटे करून पाहिले. मिठानं चिरलेले तळवे. "इथं कधी लाल चट्टे आले होते?"

"दिवालीला आलते. खाऱ्या पान्याचे, बाई. आमच्यात सगल्यांनाच येतात."

"मालकांनाही?"

"व्हय. त्यांना तर माझ्या आदी..."

ती थांबली. तिचा नवरा, जीवन, सहा वर्षं बंदरावर ट्रेलर चालवत होता. सहा वर्षांत त्यानं मिठात पाऊल घातलं नव्हतं. तरी गणपतीत ती त्याच्या तळव्यांना खोबरेल चोळत बसली होती, आणि वर हसली होती, की मीठ काय तुमाला सोडत न्हाय.

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुढं सरकवला. "सिफिलीस आहे. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. उजव्या डोळ्याचं मी सांगू शकत नाही. डावा वाचेल. चौदा दिवस इथं राहायचं, शिरेतून पेनिसिलिन. आणि त्यांचंही रक्त तपासायचं, त्यांनाही औषध. नाहीतर तुम्ही बऱ्या होऊन घरी जाल, आणि हा रोग परत गाठेल."

जीवन बाहेर बाकावर बसला होता, काळा गॉगल लावून. कमळनं त्याच्या कानाशी सगळं सांगितलं, लेकराला निजवताना बोलावं तितक्या हलक्या आवाजात.

"डोला तुझा, आन् रगत माझा?" तो हसला. "चौदा दिवस मीठ कोन ओढंल? यांना निस्त्या खाटा भरायच्या असतात."

"डावाबी जाईल, म्हंतात."

"चल गो. लोकं बघतात."

निवेदिताबाई दारापर्यंत आल्या. "उद्या तरी या दोघं." कमळनं मान हलवली. होकाराची की नकाराची, तिचं तिलाही कळलं नाही. फाइल जीवनच्या काखेत होती, आणि तो चालू लागला होता.

फाटकाबाहेर मोठा रस्ता. बंदराकडं जाणाऱ्या कंटेनरांची रांग धडधडत होती. जीवननं मोटारसायकल थांबवली, गॉगल काढला, डोळे चोळले. दोन्ही लालभडक. तिच्यासारखेच.

"उजवीकडनं काय येतं का बघ गो," तो म्हणाला. "मना कालपासून धूर धूर दिसतंय."

मागं बसलेली कमळ मान वळवू लागली, आणखी वळवू लागली, डावा डोळा तिथवर पोचावा म्हणून. तोवर त्यानं क्लच सोडला होता.