व्हिडिओतले हात

साबण झाला, खोबरेल झालं, तरी आशाच्या हातातल्या बांगड्या निघेनात.

नवसाबाई मोरीपाशी पाट टाकून बसल्या होत्या. थोरल्या सुनेचा हात त्यांच्या मांडीवर होता आणि फेस कोपरापर्यंत आला होता. बांगड्या उतरवण्यात त्यांचा हात धरणारं मखमलाबादेत कोणी नव्हतं. अंगठा तळव्यात दुमडायचा, पंजा मासळीसारखा निमुळता करायचा, की बोलता बोलता डझनभर खाली. आज पहिलीच हाडावर अडून बसली होती.

"आई, उरक लवकर," मनोज दारातून म्हणाला. "भावकी येतेय पत्रिका घेऊन. वहिनींच्या हातात हिरवा चुडा बघितला तर गावभर होईल."

"चुडा मी मागितला होता का? तुझ्या त्या ललितला सांग, ये म्हणावं साबण लावायला."

ललित म्हणजे वेबसाइटवाला. थोरला मुलगा समाधान गेला, त्याला चार वर्षं झाली होती. फुलांचं दुकान अजून त्याच्याच नावाने चालायचं. हार त्याची बायको आशा गुंफायची. वेबसाइट मात्र धाकट्या मनोजने काढली, आणि ती चालेना म्हणून शहरातल्या कॉलेज रोडवरून ललितला आणलं. पहिल्याच आठवड्यात तो लॅपटॉप उघडून नवसाबाईंना म्हणाला होता, "काकू, काल साडेतीनशे लोक वेबसाइटवर येऊन गेले."

"घेतलं काय?"

"घेतलं नाही. बघून गेले."

"म्हणजे मुलगी बघायला आल्यासारखे. आणि पोहे कोणाचे?"

"पोहे आपले," ललित म्हणाला. पोहे म्हणजे जाहिरात, हे समजायला नवसाबाईंना वेळ लागला नाही. नुसत्या बघून जाणाऱ्यांना किती दिवस पोहे घालायचे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

त्यावर ललितने उपाय काढला. लग्नाचा हार गुंफतानाचा व्हिडिओ टाकायचा. चेहरा नाही, फक्त हात. आधी मनोजच्या बायकोचे, शुभांगीचे हात घेतले. हात गोरे होते, चुडाही होता, पण गाठ बसेना. नामपूरच्या कुणीतरी खाली लिहिलं, 'ताई, कांद्याची गोण शिवताय का?' शुभांगी दोन दिवस जेवताना कुणाशी बोलली नाही.

मग आज सकाळी आशाला बसवलं. तिची बोटं निशिगंधावरून अशी चालली की ललित मोबाइल धरायचं विसरला. पण पडद्यावर बघून त्याने तोंड वाकडं केलं.

"हात सोन्यासारखे आहेत, काकू. पण मोकळे दिसतात. लग्नाचा हार आहे. मनगटात हिरवं पाहिजे."

मनोजने आईकडे पाहिलं, आईने चुलीकडे. नको कुणीच म्हणालं नाही, म्हणजे झालंच. शुभांगीने आपल्या जास्तीच्या डझनभर बांगड्या आणून दिल्या. आशाने दोन्ही हात पुढे केले. मनगटापर्यंत सवाष्ण आणि तिथून वर विधवा, असा तो सौदा होता.

सौदा फळला. दुपारपर्यंत व्हिडिओ बावीस हजार लोकांनी पाहिला. ऑर्डरी अकरा आल्या, त्यातल्या दोन इगतपुरीच्या, एक थेट कळवणची. सगळ्यांचं एकच म्हणणं, हार ह्याच ताईंच्या हातचा हवा. ललितचा फोन आला, "आता थांबायचं नाही. रोज एक व्हिडिओ. तेच हात, तोच चुडा. लोक आपल्याला त्यावरूनच ओळखणार." मनोजने लगेच बेत केला. बांगड्या सकाळी चढवायच्या, व्हिडिओ झाला की उतरवायच्या. घरचं घरात, वेबसाइटचं वेबसाइटवर.

आणि आता त्या उतरेनात.

नवसाबाईंना हिशेब लागत नव्हता. सकाळी ह्याच बांगड्या साबणाशिवाय चढल्या होत्या. जेवढं आत गेलं तेवढं बाहेर यायला हवं. एका दिवसात हात काही दुप्पट होत नाही.

"फोडून टाक ना," मनोज म्हणाला. "काचेच्याच तर आहेत. उद्याला दुसऱ्या आणू."

चार वर्षांपूर्वी ह्याच मोरीपाशी, हाच हात नवसाबाईंनी धरला होता. तेव्हा साबणाची गरज पडली नव्हती.

त्यांनी फेस धुऊन टाकला. हात दिव्याखाली धरला. दोऱ्याने चिरलेली बोटं एकेक करून पाहिली, तळवा उलटा केला, सुलटा केला. मग आशाच्या तोंडाकडे पाहिलं. आशा परातीतल्या निशिगंधाकडे बघत होती. डोळे वर करत नव्हती.

हिशेब लागला.

"नाय निघत," नवसाबाई मुलाला म्हणाल्या. "हात आखडलाय तिचा. राहू दे."

"राहू दे? अगं, भावकी..."

"भावकी तुझे हार घेते का? रोज तोच चुडा पाहिजे ना तुझ्या ललितला? मग रोज चढवायला-उतरवायला मी काय कासारीण हाय? आणि फोडायचं म्हणशील, तर एकदा फोडल्या. पुन्हा माझ्याच्यानं व्हायचं नाय."

मनोज काही म्हणणार, तोच फाटक वाजलं. तो चेहरा सावरत बाहेर गेला. "या, या" सुरू झालं. पाठोपाठ बायकांचा आवाज आला.

नवसाबाईंनी पदराने सुनेचा हात कोरडा केला. बांगड्या किणकिणल्या. आशा उठायला लागली, तसं त्यांनी मनगट धरून तिला खाली बसवलं आणि आवाज उतरवला.

"अंगठा असाच ताठ ठेव," त्या म्हणाल्या. "भावकीतल्या बायाबी ओढून बघतील."