नारदाचा टोप

"भालबा, नारदाचा टोप कुठाय?" गणेशोत्सवातल्या नाटकाची तिसरी घंटा व्हायची वेळ आली, तेव्हा दिग्दर्शिका शैलाताई ओरडल्या.

"घरी. पडवीत टांगला होता, त्यात बुलबुलानं अंडी घातलीत," पक्षिवेडे भालबा म्हणाले.

"मग उचलून आणायचा ना!"

"अहो, मादी बसलीय त्यात!" भालबा कळवळले. घरट्याला हात लावायचा नाही, असं अख्ख्या आळीला तेच बजावत असत.

शेवटी तुळतुळीत टकलाला झेंडूची माळ गुंडाळून नारदमुनी रंगमंचावर आले. प्रेक्षकांत खसखस पिकली आणि भालबा आपलं वाक्यच विसरले.

"मुनिवर, आपल्या जटा कुठे गेल्या?" कृष्णानं हसू दाबत विचारलं.

भालबांनी चिपळ्या वाजवल्या. "नारायण, नारायण! थेट तिरुपतीहून येतोय, देवा."