तूप आणि पाणी

माणसाचं बोलणं एकवेळ खोटं निघेल, पण डब्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं ते खरंच असतं, असं उर्वीचं ठाम मत होतं. हे मत ती ठाकुर्लीतल्या एका स्किन क्लिनिकमध्ये, गालांवर ओला रुमाल दाबून मांडत होती. रुमालाखाली चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता.

शेजारी तिची आई मंदाकिनी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. पर्समध्ये एक ट्यूब होती. तिच्यावरची बारीक अक्षरं मंदाकिनीने कधी वाचली नव्हती. चष्मा नव्हता असं नाही.

"आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या बायका मला फोटो पाठवतात," उर्वी डॉक्टरांना सांगत होती. "दोन फेसवॉश समोरासमोर ठेवायचे आणि मागचे पहिले पाच घटक बघायचे. सल्फेट किंवा पॅराबेन दिसलं की बाद. नुसतंच 'सुगंध' लिहिलं असेल तरी बाद. कसला सुगंध ते सांगायला काय जातं यांचं?"

"आणि तू स्वतः काय लावतेस?" डॉ. विनितांनी विचारलं.

"विकतचं काहीच नाही. आई घरी शतधौत घृत करते. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं आणि शंभर वेळा पाण्याने फेसून धुवायचं. मलईसारखं पांढरंशुभ्र होतं. घटक दोनच, तूप आणि पाणी. सहा महिने झाले, चेहरा काय मस्त झालेला माझा. गेल्या आठवड्यात ट्रेनिंगला हैदराबादला गेलेले. वितळेल म्हणून डबी नेली नाही. आणि तिथल्या पाण्याने हे असं झालं."

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढून दोन्ही गाल नीट पाहिले.

"तुपाने कोणी एवढं उजळत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तूप थांबवलं म्हणून कोणाचा चेहरा असा पेटत नाही." मग त्या मंदाकिनीकडे वळल्या. "काकू, तुपात अजून काय घालता?"

"वेलदोडा," उर्वी म्हणाली आणि हसली. हसताना गाल ओढले गेले, तशी गप्प झाली.

मंदाकिनीला होणाऱ्या जावयाची, सौमित्रची आई आठवली. मुलगी बघायला आल्या तेव्हा चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या होत्या, "फोटोत सावळी वाटलेली हो. प्रत्यक्षात चांगलीच उजळ आहे." परातीवर फेसून फेसून भरून आलेल्या हाताचं चीज झालं, असं मंदाकिनीला तेव्हा वाटलं होतं. हाताने त्यात फारसं काही केलं नव्हतं, हे तिने स्वतःलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

तिने पर्स उघडली आणि ट्यूब टेबलावर ठेवली.

"एका डबीला बोटभर घालते," ती म्हणाली. "जास्त नाही. मेडिकलवाला म्हणाला, सगळ्या नेतात."

डॉक्टरांनी ट्यूब उचललीही नाही. नुसती बघूनच त्यांनी मान हलवली. उर्वीने उचलली. सवयीने उलटी केली आणि मोठ्याने वाचायला लागली. पहिल्या ओळीत स्टेरॉइड होतं. दुसऱ्या ओळीत त्वचेचा रंग उडवणारं रसायन होतं. तिसऱ्या ओळीपाशी तिचा आवाज खाली गेला. खाली लाल चौकट होती, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये म्हणून. ती तिने मनातच वाचली.

आता पोरगी ओरडणार, म्हणून मंदाकिनी वाट बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हे आजपासून बंद," डॉक्टर म्हणाल्या. "चेहरा आधी अजून बिघडेल. घाबरायचं नाही. दोन-तीन महिन्यांत मूळ रंगावर येईल."

"मूळ," उर्वी म्हणाली.

"लग्न आहे ना? कधी?"

"पुढच्या महिन्यात."

डॉक्टरांनी पेन हातात घेतलं. "एक सांगून ठेवते. हे परत लावलंस तर दोन दिवसांत चेहरा छान दिसायला लागेल. त्याला फसू नकोस. पुढच्या वेळी थांबवशील तेव्हा याहून वाईट होईल."

जिना उतरून खाली आल्यावर मंदाकिनी म्हणाली, "ॲलर्जी झालीय म्हणून सांगू या त्यांना. मी फोन करते."

"रविवारी केळवण आहे, आई. घोडबंदर रोडवरून त्यांच्याकडचे बारा जण येणार आहेत. आणि मग लग्नात काय सांगायचं? अजून ॲलर्जीच आहे?"

"माझं चुकलं गं."

"चुकलंच." उर्वीने डॉक्टरांची चिठ्ठी चार घड्या घालून आईच्या पर्समध्ये टाकली. "मला विचारायचं होतंस. दोन-चार कंपन्यांच्या बघून तरी आणली असती."

मंदाकिनीने तिच्याकडे पाहिलं. थट्टा असेल असं तिला वाटलं. उर्वीने ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली होती, त्यामुळे काही कळेना.

क्लिनिकच्या खालीच मेडिकल होतं. उर्वीने काउंटरवर काय मागितलं ते मंदाकिनीला ऐकू आलं नाही. दुकानदाराने काही न विचारता दोन खोकी पुढे ठेवली. उर्वी दोन्ही उलटी करून, शेजारी शेजारी धरून बराच वेळ वाचत उभी राहिली. मागे गिऱ्हाईकं खोळंबली.

दोन्हींत तेच तीन घटक होते, तेवढेच टक्के. तिने पॅराबेन-फ्री लिहिलेली ट्यूब घेतली.